पत्र्याची सवत

फोन आला तवा मी पोरीला भरवत हुते. अक्कलकोट रोडला टँकरनं ह्यांच्या मोटारसायकलला धडक दिली, लगीच या म्हनाले... सवा महिना झाला माज्या मालकांना जाऊन. अजून हॉर्न वाजला की मी पोरीला छातीशी धरते. मागच्या शेडमधी ती मातुर निवांत उभी हाय.

ती म्हंजे ह्यांनी बनवाय घेतलेली मोटार. हे सात रस्त्याजवळ गॅरेजात ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करायचे. कुटल्या तरी मासिकात इटलीच्या जुन्या शर्यतीच्या मोटारीचा फोटू बघितला आन् खूळच लागलं. जेवताना बी तिचंच. तिला टप न्हाय, शर्यत हजार मैलांची, गावागावांतनं. नाक खाली, वारं आडू नये म्हनून, आन् पुढचं मडगार्ड चाकाच्या मागं कापलेलं, कारण ब्रेक लई तापायचे. सांगायचे, "इंजिन कंपनीचं, पर अंग तितल्या एका पत्रेवाल्यानं दिलं, आपल्यासारख्याच. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठिवून हातानं ठोकला. म्हनून एकीसारखी दुसरी न्हाय." आन् मला आमच्या लग्नाची तारीख इचारली तर डोकं खाजवायचे.

पत्रेवाल्यांचा उजवा हात हातोडीचा, डावा परखायचा. डाव्या तळव्याला घट्टा पडू द्यायचा न्हाय, खोबरेल लावायचं, आन् डोळे मिटून पत्र्यावर फिरवायचा, म्हंजे नजरंला न दिसनारा खड्डा बी कळतो. हे डाव्या हातानं घागर उचलायचे न्हाईत. तो हात तिच्यासाठी राखलेला. एकदा मी बोललेच, माज्यावर कदी असा हात फिरवला का? तर म्हनाले, "तुज्यात खड्डा कुटं हाय गं, शोधायला?" रागवावं का हसावं कळंना.

पोटुशी हुते तवा तर डोस्कंच फिरलं. हे कामाला गेल्यावर खलबत्त्यातला बत्ता घेतला आन् घातला तिच्या मडगार्डावर. संध्याकाळी ह्यांनी तळवा फिरवला, थांबले, माज्याकडं बघितलं. रविवारी सकाळधरनं ती जागा ठोकत बसले, शीळ घालत, मी हाका मारून मारून ह्यांचा चहा गार झाला. मला वाटलेलं ह्यांना दुखंल... मीच तिला ह्यांचा आख्खा रविवार दिला.

परवा रशीदचाचा आले, ह्यांना काम शिकवनारे उस्ताद. म्हनाले, एकच बाजू राहिलीय बेटी, मी नेतो, पुरी करतो. मी लगीच व्हय म्हनले. जाऊ दे एकदाची. काल टेंपो आला तर पोरगी दिसंना. रस्त्यापतूर पळाले, न्हाय... तर ती शेडमधी, गाडीत बसलेली, आतनं पत्र्यावर थापट्या मारत. दोन वर्सांची बी न्हाय अजून. मी हात पसरले, तर तोंड फिरवलं तिनं आन् गाल पत्र्याला लावला. आदी नवरा, आता लेक बी... अंगाची आग झाली माज्या.

चाचा खाली बघत उभे. मी म्हनले, "टेंपो माघारी धाडा चाचा. काय करायचं ते हितंच येऊन करा."

आज सकाळी आले ते, हातोडी सुरू झाली. पोरगी आत बसलीय. मी शेडच्या दारातनं हाक मारते, दूध गार झालं म्हनून सांगते, तरी उतरत न्हाय, बापासारखीच.