लंगोट कुणी धुतले

तानूबाई परटीण कपडा हातात घेतला की आधी हुंगत आणि मग मालकाचं नाव सांगत. "ही बंडी दगडू पैलवानाची. कच्चा कांदा लई खातोय." अंदाज क्वचितच चुके.

भोर तेव्हा संस्थान होतं. मी तिथून पुण्याच्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे आणि गावच्या क्रिकेट संघात यष्टिरक्षक होतो. माझ्या हातमोज्यांना असा वास येई की सोबती मला मोज्यांसकट तंबूबाहेर बसवत. एकदा ते साबणाने धुतले, तर चामडं तडकलं. शेवटी नीरेच्या काठी तानूबाईंकडे गेलो.

"चामड्याला पानी दावू नगा," त्या म्हणाल्या. "घाम आत मुरलाय. त्यो वडून काढाया पायजे."

चाळलेली राख आणि सुकवलेला कडुनिंबाचा पाला त्यांनी फडक्यात बांधला, त्या पुरचुंड्या मोज्यांत बोटाबोटांत कोंबल्या आणि मोजे सावलीत टांगले. चार दिवसांनी वास गेला. पायांची पॅड तानूबाई रिठ्याच्या पाण्याने पुसून उन्हात पालथी घालत. "वाळायच्या आधी बांधून ठिवलं, तर धुतल्यालं वाया," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

तालमीचे लंगोट मात्र त्यांचे पती सोनबा धुतात, असं गाव समजे. बाईचा हात लागलेला लंगोट पैलवानाने नेसायचा नाही, हा तालमीचा नियम होता. सोनबा तरुणपणी त्याच तालमीत कुस्ती करत. आता ते गाठोडं न्यायला-आणायला जात आणि घटकाभर कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसत. वस्ताद एखादा डाव त्यांना विचारून दाखवत. निघताना हौद्यातली चिमूटभर लाल माती ते कपाळाला लावत.

एका दुपारी, घाट रिकामा असताना, मी मोजे घेऊन गेलो. खडकाआड तानूबाई लंगोट धूत होत्या. सोनबा शेजारी बसले होते. संधिवाताने त्यांची बोटं मिटत नव्हती.

"तीन वर्सं झाली," तानूबाई म्हणाल्या. "कुठं बोलू नगा, बातमीदार. ह्यांचं तालमीत जानं तुटलं, तर ह्ये जगायचं न्हाईत."

मी शब्द दिला. मोजे त्यांच्याकडे ठेवून आलो.

दोन दिवसांनी जत्रेतला मानाचा फेटा दगडूने जिंकला. सलग तिसऱ्या वर्षी फेटा आमच्या गावच्या तालमीत आला होता. बातमीसाठी मी तिथे गेलो. सोनबा कडेला बसले होते.

"दुसऱ्या तालमीत नाक धरून जावं लागतं," वस्ताद म्हणाले. "हितं बघा. सोनबाच्या हाताला गुण हाय."

"परटिनीचा हात लागला असता, तर म्या पाठीवरच पडलो असतो!" दगडू म्हणाला. सगळे हसले. सोनबाही हसले.

ते हसणं मला खुपलं. मी म्हणालो, "तीन वर्षं हे लंगोट तानूबाईच धुताहेत." श्रेय ज्याचं त्याला मिळावं, असं मला वाटलं. माहिती अचूक होती.

वस्तादांनी सगळे लंगोट नीरेत सोडायला लावले.

"पण तीन वर्षं फेटा मिळालाच ना?" मी म्हणालो.

"म्हनून काय झालं? सोनबा, ऊठ."

सोनबा उठले. सवयीने त्यांचा हात मातीकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी मी घाटावर गेलो. तानूबाईंनी मोजे उतरवून, पुरचुंड्या काढून माझ्या हातात दिले.

"मी खोटं काही बोललो नाही," मी म्हणालो.

"न्हाई की. पर तुमास्नी कुनी इचारलं हुतं?"

ती दोघं भोंगवलीला, तानूबाईंच्या माहेरी राहायला गेली. पुढच्या जत्रेआधी सोनबा वारले. मी ती बातमी दिली नाही. साप्ताहिकाच्या दृष्टीने ती बातमी नव्हती.

वर्षभराने मी भोंगवलीला गेलो. माफी मागायची होती. निमित्त म्हणून मोजे नेले. तानूबाई अंगणात बसल्या होत्या. त्यांनी मोजे घेतले आणि सवयीने हुंगले.

"वल्लंच बांधून ठिवलं जनू."

"हो," मी म्हणालो.

"म्या आता दुसऱ्याचं धूत न्हाई." त्यांनी मोजे परत दिले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिऊन मी निघालो. माफीचं बोलणं राहिलंच.