तिनं कधी माझं नाव घेतलं नाही

आमचं दोघांचं शेवटचं काम म्हणजे चिंचा फोडणं. मुदखेडजवळ गाव आमचं. अंगणात ती दगडावर चिंच फोडायची, मी चिंचोके काढायचो. लेक सुरेखा लातूरहून आली होती, ती मोबाईलवर शूटिंग करत होती. मी बिडी पेटवली तशी बायको म्हणाली, "अहो, हात चालवा. चिंचोके काय पाहुणे येऊन काढणार हायेत का?" सुरेखा लई हसली. तिनं आईच्या नावानं चॅनल काढलं होतं, त्यावर ते टाकलं. चिंचा वाळायच्या आत बायको गेली.

मी भूतबित मानत नाही. मसणवट्याला लागून रान हाय माझं, जन्मभर तिथं पिकाला पाणी दिलं, कधी काही दिसलं नाही. म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटून राहिली...

एक सांगतो. लग्नातल्या उखाण्यानंतर बायकोनं माझं नाव कधी घेतलं नाही. माझं नाव मारोती. तर ती देवाला बी मारोती म्हणायची नाही, 'पारावरचा देव' म्हणायची. बँकेत सायबानं नवऱ्याचं नाव विचारलं की शेजारच्या गयाबाईला कोपर मारायची — सांग की गं.

वर्षसराद झालं. त्यानंतर एका दुपारी बाजेवर बसून चॅनल उघडलं, तर तिचा नवा व्हिडिओ. तेच लुगडं, तोच आवाज. हसून म्हणते, "मारोतीराव, तब्येतीला जपा."

पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा तेच.

खाली लोकांनी वा वा लिहिलेली. त्यात गयाबाईचं बी नाव — 'खूप सुंदर, आजी.' गयाबाई अंगणात गवऱ्या थापत होती. तिला दाखवलं.

"मला लिहिता येतंय का भावजी? अन् तिला मी आजी म्हणीन? माझ्याहून ल्हान होती ती."

सुरेखाला फोन लावला.

"बाबा, मी काहीच टाकलं नाही. ते एआय असतंय. आता नेटवर माणसं कमी अन् मशीनच जास्त बोलून राहिल्यात. व्हिडिओ बी मशीनचा, वा वा करणारं बी मशीनच."

बरं वाटलं मला. मशीन तर मशीन. म्हटलं, आपण तिचा खरा आवाज ऐकावा. म्हणून चिंचाचा जुना व्हिडिओ लावला. दगड, चिंचा, माझी बिडी — सगळं तेच. बायको मान वर करून म्हणते, "मारोतीराव, हात चालवा."

मी समोर बसलो होतो त्या दिवशी. तिनं असं म्हटलं नव्हतं.

पुन्हा सुरेखाला लावला. "आई त्या दिवशी मला काय म्हणाली होती?"

"मारोतीराव, हात चालवा. आई तुम्हाला नावानंच हाक मारायची की."

"कधी?"

"नेहमीच. असं काय करता बाबा?"

ती मस्करी करत नव्हती. लेकराचा आवाज कळतो मला.

मशीननं व्हिडिओ बदलला, हे मी मानतो. पण माझ्या लेकीच्या डोक्यातलं कोणी बदललं?

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून गयाबाईकडं गेलो. आता तिलाच तेवढं ठाऊक.

"बसा भावजी, चहा टाकते."

बसलो. एकच विचारायचं होतं — माझी बायको मला काय म्हणायची? पण ही बी काय सांगंल, ह्याचं भ्या वाटलं. चहा पिलो अन् न विचारताच घरी आलो.