लंकाबाईच्या खिळ्यावरच्या चाव्या

मंचरहून अवसरी बुद्रुककडं निघालं की डाव्या हाताला भगवंतनगर लागतं. आता तिथं कमान आहे, दुमजली घरं आहेत, दारोदार मोटरसायकली आहेत. पण त्र्याण्णव सालापर्यंत ते भगवंत नावाच्या शेतकऱ्याचं बटाट्याचं वावर होतं. त्यानं प्लॉट पाडले, चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारल्या, आपलंच नाव देऊन टाकलं आणि मोकळा झाला. प्लॉट घेतले कुणी? एसटीचे कंडक्टर, शाळामास्तर, पारगावच्या साखर कारखान्यातले फिटर, खोडदच्या दुर्बिणीवर नोकरीला असलेला एक जण. सगळे भले लोक, पण एकाचाही जीव तिथं रमेना. सण आला की कुलूप, लग्न आलं की कुलूप. घर इथं आणि गाव तिकडं, असा सगळा कारभार.

त्या वस्तीत एकच घर असं होतं की ज्याला कधी कुलूप लागलं नाही. पंपाशेजारची पत्र्याची खोली. तिथं जानकू आणि त्याची बायको लंकाबाई राहायची. जानकू गवंड्याच्या हाताखाली जायचा आणि लंकाबाई वस्तीला पाणी सोडायची. हातभर लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून ती सकाळी सहाला निघे, गल्लीगल्लीतला व्हॉल्व फिरवी. कुणाच्या टाकीला गळती आहे, कुणाची सून बाळंतीण आहे, हे तिला त्या घरातल्या माणसांआधी ठाऊक असायचं. आणि बोलायला फटकळ! पाणी वाया घालवणाऱ्या कंडक्टरला ती भर गल्लीत म्हणाली होती, "गोरखभाऊ, एसटी धुताय का स्कूटर?" तेव्हापासून गोरख बादलीनं गाडी पुसायला लागला.

तिचं स्वतःचं गाव सावरशेत. वर डोंगराकडं, भाताची खाचरं असलेलं. ते धरणाच्या पाण्यात गेलं. माणसं चार दिशांना पांगली, ही दोघं एक ट्रंक घेऊन इकडं आली. याबद्दल ती कधी रडगाणं गायली नाही. पण चैत्र लागला की तिचं तोंड मिटायचं.

कारण चैत्रात आपल्याकडं जत्रांचा हंगाम. आज या गावची, उद्या त्या गावची. पालखी, गूळ वाटायची शेरणी, बैलगाड्यांची शर्यत, तमाशा, आणि घरात पाव्हण्यांना पाय ठेवायला जागा नाही. भगवंतनगरातली माणसं एकेक करून आपापल्या गावाला निघायची आणि जाताना घराची चावी लंकाबाईकडं द्यायची. तुळशीला पाणी घाला, मांजराला दूध ठेवा. तिच्या दाराशेजारच्या खिळ्यावर चाव्यांचा घोसच लोंबायचा. कुणीतरी सहज विचारायचं, "लंकाबाई, तुमची जत्रा कधी?"

"आमची नाय," एवढंच ती म्हणायची. ज्याला जत्रेला बोलवायला गाव नाही, त्याच्याकडं पाव्हणा तरी कशाला येईल? सहा वर्षांत तिच्या दारात एकही पाव्हणा आला नव्हता, आणि ते तिला फार लागत होतं.

नव्याण्णव साली तिनंच विषय काढला. वस्तीतल्या मोकळ्या जागेच्या कोपऱ्यात भगवंताच्या वावरातला जुना म्हसोबा होता. शेंदूर लावायची ती एकटीच. सयाजी गुरुजी रिटायर होऊन नुकतेच राहायला आले होते. त्यांच्या अंगणात व्हॉल्वची चावी टेकवून ती म्हणाली, "गुरुजी, देव हाय, माणसं हायेत. मग जत्रा का नसावी?"

गुरुजी हसले. "कोणत्या दिवशी करणार? ज्याची त्याची जत्रा ठरलेली. माणसं कुठून आणायची?"

"क्यालेंडर काढा," ती म्हणाली.

आणि बाई बोलायला लागली. अक्षर येत नव्हतं, पण सहा वर्षांच्या चाव्या तिच्या डोक्यात पाठ होत्या. पुनवेला तीन चाव्या येतात. प्रतिपदेला गोरखभाऊची. पंचमीला फिटरची, पण निम्मं घर माहेरच्या जत्रेला षष्ठीला जातं. गुरुजी एकेक चौकोन भरत गेले. पौर्णिमेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत सगळं भरलं. राहिला एकच चौकोन, वद्य सप्तमीचा.

"या दिवशी कुणीच नाही? कुणाला विसरलात काय?"

लंकाबाईनं त्या मोकळ्या चौकोनावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "त्या दिवशी चावी येत नाय. ती आमच्या सावरशेताची जत्रा व्हती."

गुरुजींनी पेन खाली ठेवलं. तिनं मात्र पदर सावरला. "हे कुणाला सांगू नका. माझी कीव येऊन कुणी थांबायला नको. देवासाठी थांबायचं तर थांबतील."

गुरुजींनी शब्द पाळला. बैठकीत नाकं मुरडली गेलीच. कॉलनीला कसली जत्रा, बैलगाडे पळवायला घाट कुठाय, असं चाललं होतं. शेवटी पोरांच्या सायकलींची शर्यत लावू, असं ठरलं. सप्तमीला माणसं थांबतील की नाही, याची खात्री कुणालाच नव्हती. लंकाबाईला तर मुळीच नव्हती. षष्ठीच्या संध्याकाळी ती खोलीसमोर बसून राहिली. खिळा मोकळा होता. तेवढ्यात गोरख चावी घेऊन येताना दिसला आणि ती उठून उभी राहिली.

"निघालात व्हय?"

"न्हाई वो. उद्या आमी सगळी दिवसभर म्हसोबापाशी. तिकडून मेव्हणे येत्यात, त्यांना घर उघडून द्या."

लंकाबाईनं चावी घेतली आणि बराच वेळ मुठीतच धरून ठेवली.

ती पहिली जत्रा साधीच झाली. सायकलींच्या शर्यतीत दोघं गटारात पडले. शेरणीचा गूळ कमी पडला. पण त्या दिवशी भगवंतनगरातलं एकही घर कुलूप लावून गावाला गेलं नव्हतं, आणि जी वस्ती इतकी वर्षं नुसती झोपायला घरी यायची, ती प्रथमच एका पंगतीला बसली. पुढं देऊळ, कमान, वाचनालय झालं. कमानीवर नाव भगवंताचं आहे, असू दे. पण गाव केलं ते पाणी सोडणाऱ्या बाईनं, असं मी तर छातीठोकपणे सांगतो.

पाचव्या वर्षी जानकूनं पांगलेल्या भावकीला सांगावा धाडला. सप्तमीच्या सकाळी मंचरच्या स्टँडवर डोंगराकडली अकरा माणसं उतरली, बायकांच्या डोक्यावर गाठोडी. पुढं लंकाबाईचा थोरला दीर सावळेराम. ड्यूटीवरून सुटलेल्या गोरखनं विचारलं, "पावणं, कुठं निघालात?"

"आमच्या लंकाबाईच्या गावाला," सावळेराम म्हणाला. "जत्रा हाय."

गोरख स्वतः त्यांना घेऊन आला. लंकाबाई व्हॉल्व फिरवत होती. दिराला पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि विचारलं, "वाट सापडली का? ह्यांनी तिथी नीट सांगितली व्हती ना?"

"आपल्या जत्रेची तिथी सांगावी लागती व्हय?" सावळेराम म्हणाला.

त्या दिवशी पत्र्याच्या खोलीत अकरा माणसं मावेनात. मग शेजारची चार घरं आपापल्या चाव्या खिळ्याला अडकवून गेली, लंकाबाईच्या पाव्हण्यांसाठी.