न चाखणारा स्वयंपाकी

गोदीच्या फाटकापासून बाजारापर्यंतची अर्धी वाट सरली, तरी दादाच्या जहाजावरच्या गमती काही संपत नव्हत्या. धाकटी बहीण हुं हुं करत मागून चालत होती. तिला याच शहरात दिलेली. त्याचं जहाज वर्षातून एकदा इथे पाच तास थांबायचं, आणि ते पाच तास म्हणजेच तिचं माहेर.

"हळू चाल रे, जमिनीवर आहेस. वाहून नाही जाणार."

"तू तर मुळीच नाही जाणार. दोन माणसांची जागा अडवून चालतेस!"

तीस वर्षं तो जहाजावर स्वयंपाकी होता. पंचवीस माणसांचं दोन वेळा रांधायचा, पण पानं वाढेपर्यंत शीतही जिभेवर ठेवायचा नाही. देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नाही, ही आईची शिकवण. मीठ कमी की जास्त ते तो वाफेवरून सांगायचा. खलाशी पैजा लावायचे आणि हरायचे.

मसाल्याच्या दुकानात त्याने नेहमीसारखी जिऱ्याची मूठ नाकाशी नेली, डोळे मिटले. "वा! पाच किलो बांधा."

धाकटीला दोन हातांवरून वास आला. जिरं ओल लागून कुबट झालं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो समाधानाने हसत होता.

तिने त्याला हाताला धरून बाहेर आणलं. "कधीपासून?"

समोरून येणाऱ्या दोन हातगाड्यांना त्याने वाट करून दिली.

"चार महिने झाले. ताप आला होता. उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. परवा डाळीत दोनदा मीठ पडलं. कप्तान म्हणाला, पुन्हा असं झालं तर पुढच्या बंदरावर उतरवीन."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. म्हणाले, वास येईल, नाहीतर येणार नाही. एवढं तर मीही सांगितलं असतं."

"जिभेला मीठ कळतं ना? मग चाखून बघत जा."

"आईला शब्द दिलाय. घर सोडताना तिने दुसरं काही मागितलंच नाही. ती गेली तेव्हाही मी समुद्रात. खांदा नाही देता आला. तिचं म्हणून एवढंच पाळत आलो."

धाकटी परत दुकानात शिरली. जिरं, धणे, हळद, एकेक वस्तू हुंगून तिने निवडली. तो पिशवीचं तोंड उघडं धरून उभा होता.

"आईसारखंच नाक मुरडतेस," एवढंच म्हणाला.

फाटकाशी त्याने पिशव्या दोन्ही हातांत घेतल्या. दोन पावलं गेला आणि मागे वळला.

"तुझ्याकडे आईचा फोटो आहे ना? दिवा लावशील तेव्हा तिला सांग, उद्यापासून थोरला चाखून रांधणार आहे. माझ्याने नाही सांगवत. तू धाकटी, तुझ्यावर ती रागवायची नाही."