नवाबाची मोटार

माझ्या मांडीवरची पाण्याची घागर त्यानं न विचारता उचलली आणि मोटारीच्या तोंडात उपडी केली. इंजनातून नुसती वाफ आली. ते पाणी मी माहेरच्या विहिरीवरून घरच्या बैलांसाठी आणलं होतं.

तो हैदराबादचा दलाल. कुण्या नवाबाची जुनी, लांबलचक मोटार विकायला उदगीरजवळ आमच्या गावी आला होता. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. आमच्या मालकांना कलेक्टरकडं मोटारीतून जायची हौस आली, आणि तेवढ्यासाठी ते बैलजोडी विकायला निघाले. पावसाचा पत्ता नव्हता. मोटार चालवून पाहायची म्हणून आम्ही माझ्या माहेरी जाऊन येत होतो.

दलाल सारखा अत्तराच्या रुमालानं मोटार पुसायचा. धाडकन दार लावून म्हणायचा, "आवाज ऐका, अम्मा! हिच्यात नवाबसाब बसायचे."

"मग त्यानं इकली का?" मी विचारलं.

तो दुसरं दार लावून दाखवू लागला.

मोटार काही हलेना. शेवटी मालक चालत घरी गेले आणि तीच तहानलेली बैलं घेऊन आले. मोटार दोरानं जुवाला बांधली. बैलं ओढत होती, आणि हा आत बसून म्हणतो, "पाहा मालक, कशी हलकी चालते!"

मालकांनी तिथंच दोर सोडला. घरी येऊन आमचं प्यायचं पाणी बैलांपुढं ठेवलं.

मोटारीचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. त्या दुष्काळातून आम्ही चौघं जगलो. मालक, मी आणि दोन बैलं.