खाडीत टाकलेला कुत्रा

आमचा कुत्रा म्हातारा झाला तरी भांडायची खोड गेली नव्हती. खाडीकडे एक भटका कुत्रा लाळ गाळत फिरत होता, त्याच्याशी हा भिडला आणि फाटका कान घेऊन घरी आला. आबा, म्हणजे माझे वडील, हळदीचा डबा घेऊन धावले. मी त्यांना मागे ओढलं, हातांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, जखमेला साबण लावला आणि नळाखाली धरून बराच वेळ धुतली. मग रिक्षा करून पनवेलला डॉक्टरकडे.

रेबीजची लस दिलीय का, डॉक्टरांनी विचारलं. दिली होती की, पिल्लू असताना. देवीची लस माणसाला एकदा टोचली की जन्माचं काम झालं, मग कुत्र्याला दरवर्षी कशाला, हे आबांचं गणित. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि इंजेक्शनं सुरू केली. म्हणाले, तो भटका सापडला तर बांधून ठेवा, दहा दिवस बघा. धडधाकट राहिला तर तुमच्या कुत्र्याला त्याच्यापासून भीती नाही. मेला तर डोकं तपासता येईल. यातलं काहीच जमलं नाही, तर याला काही महिने एकटं ठेवायचं आणि कुणी हात लावायचा नाही.

परत येताना आबा रिक्षात त्या भटक्याला कुठे बांधायचं तेच ठरवत होते. घरी पोचलो तर शेजारचे दोघे ओट्यावर वाट बघत बसलेले. आम्ही गेल्यावर त्यांनी तो भटका काठ्यांनी मारून टाकला आणि ओहोटी बघून खाडीत सोडला. आमच्यासाठीच केलं होतं त्यांनी. मी तोंडाला येईल ते बोलले. संध्याकाळी त्यांच्याच घरून खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण आलं, आता काय बोलणार, कपाळ माझं?

मागच्या पडवीला जाळीचं दार बसवलं आणि आमच्या कुत्र्याला आत ठेवलं. ताटली काठीने आत सरकवायची. आबा दाराबाहेर खुर्ची टाकून दिवसभर त्याच्याशी गप्पा मारायचे. तो जाळीला नाक लावायचा, आबा खुर्ची मागे घ्यायचे. मला ते बघवायचं नाही.

डॉक्टरांनी सांगितलेले महिने सरायच्या आत तो गेला. खाणं हळूहळू तुटत गेलं, एका सकाळी उठलाच नाही. डॉक्टरांनी फोनवर सगळं विचारून घेतलं. वयानेच गेला असावा, पण छातीठोक सांगता येत नाही; ग्लोव्हज घालूनच पुरा, म्हणाले.

आबांनी परसात खड्डा खणला. मग ग्लोव्हज हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

"जित्ता व्हता तवा घाबरलो. आता तरी हात लावू दे गो."

मी नाही म्हटलं. माझ्या बापाने जन्मात माझा एक शब्द ऐकला नव्हता. तेव्हा मात्र त्यांनी मुकाट्याने ग्लोव्हज चढवले.