आजोबांची अमेरिकन तिथी

आमच्या मामांनी अमेरिकेला जेवढं पिडलं, तेवढं अख्ख्या सातारा जिल्ह्यात दुसऱ्या कुणी पिडलं नसेल. आणि मामांनी अमेरिका पाहिलेली फक्त नातवाच्या नकाशात. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते रहिमतपूरला आले, आठ दिवसांत सगळे बांध सरळ केले, आणि हात रिकामे झाले तसे हरवलेल्या आजोबांच्या मागं लागले. हे आजोबा जहाजावर कोळसा ओढायला गेले आणि अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरात उतरले, ते उतरलेच. मागं बायको, एक मुलगा म्हणजे मामांचे वडील, आणि पाळण्यातली लेक. बायको मरेपर्यंत कुंकू लावत होती. ती लेक म्हणजे फलटणची आत्ती, आता नव्वदीची. माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला पितृपंधरवड्यात त्याचा म्हाळ घालायचा, पान वाढायचं. इथं तिथीच ठाऊक नाही. सर्वपित्री अमावास्येला सगळ्यांबरोबर उरकू म्हटलं की आत्ती फणकारायची, "माझा बा काय बेवारशी हाय व्हय? तिथी सांगा, मग मी जायला मोकळी."

झालं! मामांनी शपथच घेतली. नंदीवर बसून घराण्याच्या पिढ्या सांगत फिरणारा हेळवी गावात आला, त्याला दोन दिवस जेवू घालून अडकवून ठेवलं. त्यानं बावीस पिढ्या घडाघडा म्हटल्या आणि आजोबांपाशी येऊन हात टेकले. म्हणाला, "दर्यापलीकडं माझा नंदी जात न्हाई, सुभेदार." मग मामांनी मोर्चा वळवला माझ्या लेकीकडं, कारण ती अमेरिकेत. त्यांच्या लेखी अमेरिका म्हणजे कोरेगाव तालुका. ते बंदर विमानानं पाच तास लांब आहे असं ती म्हणाली, तर रविवारी सकाळच्या एसटीनं जाऊन ये म्हणाले. पोरगी बिचारी शहाणी. वर्षभर जुनी कागदपत्रं धुंडाळून तिनं एका थडग्याचा फोटो पाठवला. नावाची पार वाट लागलेली, पण त्याखाली इंग्रजीत चक्क 'रहिमतपूर' कोरलेलं. आणि तारीख.

मामांनी जुनं पंचांग काढलं, तिथी लावली, आणि मध्येच त्यांना सुचलं की तिथली संध्याकाळ म्हणजे इथली दुसरी सकाळ. तिथी बदलली की! त्यांनी भटजींना इतकं भंडावलं की ते चहा टाकून उठले. शेवटी मामांनी दोन म्हाळ जाहीर केले, एक अमेरिकन टाइमचा, एक इंडियन.

खरी पंचाईत पुढंच होती. दगडावर तारखेखाली लिहिलं होतं, पत्नी आणि मुलीकडून. आम्ही फलटणला गेलो. मामांनी मोबाइलवर फोटो दाखवला, पण खालच्या ओळीवर अंगठा दाबून. आत्तीला इंग्रजी अक्षर येत नाही, तरी ती फोटोकडं बघेचना, अंगठ्याकडंच बघत राहिली.

"अंगठा काढ रं."

सीमेवर न डगमगलेले आमचे मामा चाचरत सगळं सांगून मोकळे झाले. मला वाटलं, म्हातारी आता बापाला शिव्या घालणार. आईचं जन्मभराचं कुंकू तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. तिनं मोबाइल हातात घेतला आणि त्या खालच्या ओळीवरून बोट फिरवलं.

"म्हंजे शेवटी पानी पाजायला कुनीतरी हुतं त्याला," ती म्हणाली. मग मामांना जवळ ओढून हळूच विचारलं, "ती माझी धाकटी भण जित्ती हाय का बघ की. असली, तर म्हाळाला बोलव तिला. तिचाबी बाच हाय त्यो."